काठोकाठ कलश आणि चार दारांची गाडी

काठोकाठ भरलेल्या भांड्याकडे निरखून पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. पाणी काठाच्या किंचित वर आलेले असते आणि तरीही ते सांडत नाही. हे पृष्ठताणामुळे घडते, असे मी देवासच्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत मुलांना शिकवीत आलो. परंतु त्या किंचित उंचावलेल्या पाण्यावर आमच्या घरातील एका व्यक्तीचे वर्षभराचे समाधान अवलंबून होते. ही गोष्ट शाळेच्या फळ्यावर लिहिण्यासारखी नव्हती, म्हणून येथे लिहितो.

ती व्यक्ती म्हणजे माझी पत्नी. आमच्या घराण्याचे दत्ताचे लहानसे देऊळ धारला आहे. शहर संपून तिरल्याची वाट सुरू होते, त्या अंगाला. आमचे एक पूर्वज संस्थानी नोकरीच्या निमित्ताने धार सोडून देवासला आले, तेव्हा त्यांनी देवाला शब्द दिला होता, की मी जेथे राहीन तेथल्या माझ्या विहिरीचे पाणी दत्तजयंतीच्या अभिषेकाला आणून घालीन. शब्द त्यांनी दिला आणि पाळण्याचे काम घरच्या थोरल्या सुनांकडे आले. तांब्याचा कलश विहिरीवर काठोकाठ भरायचा. तोंडावर विड्याची पाने ठेवायची, पण झाकण लावायचे नाही, कारण देवाचे पाणी कोंडून न्यायचे नसते. मांडीवर धुतलेला पांढरा पंचा पसरून त्यावर कलश दोन्ही हातांनी धरायचा आणि देऊळ येईपर्यंत तो कोठेही टेकवायचा नाही. पाणी ओघळून पंचा भिजला, तर मागे फिरायचे आणि विहिरीवरून पुन्हा भरून निघायचे. माझ्या आजीने हे बैलांच्या दमणीतून केले, आईने बसमधून. आई चढली की बसमधली माणसे आपणहून सरकून तिला खिडकीपासून दूरची, मधली जागा देत. पत्नीने लग्नानंतर हा कलश घेतला आणि त्यात कधी खंड पडू दिला नाही.

मग तिच्या कमरेच्या मणक्यांमधली चकती सरकली. ती बरी झाली. परंतु बसल्या बसल्या धक्का लागला की तिचा श्वास अडके. गेल्या वर्षी आमच्या जुन्या लहान गाडीतून आम्ही निघालो. गाडी मुलगी चालवत होती. घाटाबिल्लोदच्या अलीकडे रस्त्यावर नवा ब्रेकर झाला होता, त्याला रंग दिलेला नव्हता. गाडी उडाली, पत्नी कळवळली आणि पंचा पार भिजून गेला. आम्ही मागे फिरलो. देवासला येऊन पुन्हा कलश भरला आणि धारला पोचलो तेव्हा अभिषेकाची वेळ टळून गेली होती. देवापुढे गुरुजी आणि घरची मंडळी उपाशी बसून होती. जेवणे झाल्यावर तेथेच राहणाऱ्या माझ्या धाकट्या चुलतभावाच्या बायकोने, म्हणजे पत्नीच्या जाऊबाईंनी, तिला बाजूला घेतले.

"वहिनी, तुमचे हाल बघवत नाहीत हो. पुढच्या वर्षीपासून इथल्याच विहिरीचं घेऊ या का? देव काय रागावतोय!"

त्या मनापासून, मायेनेच बोलल्या होत्या. पत्नी म्हणाली, "एक वर्ष बघते. नाही जमलं, तर तुझ्या विहिरीचं."

परतीच्या वाटेवर ती इंदूर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली.

नवी गाडी घेण्याचे ठरले ते या कारणाने. मात्र आमच्या फाटकाच्या आत एकच गाडी मावते आणि गाडीबद्दल मुलीचेही एक स्वप्न होते. ती पीथमपूरला, वाहनांच्या ब्रेकची चाचणी घेणाऱ्या एका कंपनीत अभियंता आहे. ती दिवसभर पडद्यावर आकडे पाहते. चाचणीच्या धावपट्टीवर, म्हणजे ट्रॅकवर, प्रत्यक्ष गाडी दुसराच कोणी चालवतो. एकदा आपण स्वतः तेथे गाडी चालवावी, ही तिची नोकरीला लागल्यापासूनची इच्छा.

"बाबा, गाडी अशी पाहिजे, जी रोज मला पीथमपूरला नेईल, आईला धारला नेईल आणि एखाद्या रविवारी ट्रॅकवर पण पळेल," ती जेवताना म्हणाली.

"ट्रॅकवर कशाला? शर्यत आहे का?" पत्नीने विचारले.

"शर्यत नाही गं. ट्रॅक डे. आपली रोजचीच गाडी घेऊन जायची, हेल्मेट घालायचं आणि बंद रस्त्यावर मोकळी पळवायची. समोरून ट्रक नाही, गाय नाही, रॉन्ग साइडने हात हलवत येणारा इंदुरी भिया नाही."

"मग तुला करमायचं कसं तिथे?"

मी दोघींच्या गरजा मनात शेजारी शेजारी मांडून पाहिल्या आणि मला त्या परस्परविरुद्ध वाटल्या. ट्रॅकवर पळणारी गाडी जमिनीलगत, ताठ बसणीची असावी लागते. धक्के जिरवणारे तिचे शॉकअप कडक असतात, नाहीतर वळणावर ती एका अंगाला झुकते. कमरेच्या माणसाला मात्र मऊ गाडी हवी. सेदान, म्हणजे मागे स्वतंत्र डिक्की असलेली चार दारांची बुटकी गाडी, घ्यावी यावर एकमत होते. कारण ती उंच गाड्यांइतकी डुलत नाही आणि मागे माणसे ऐसपैस बसतात. प्रश्न मऊ की ताठ, एवढाच उरला. अशा वेळी वाद न घालता प्रयोग करावा, असे मी मुलांना नेहमी सांगत असे. तेच आम्ही केले.

पत्नी देवाचा कलश प्रयोगाला देईना, आणि ते योग्यच होते. मग त्याच तोंडाचा एक स्टीलचा गडू घेतला. तो काठोकाठ भरला, वर पाने ठेवली, मांडीवर पंचा. पांढऱ्या कापडावर साधे पाणी चटकन दिसत नाही, म्हणून मी पाण्यात हळद कालवली. ती माझी सूचना मला त्या सकाळी फार शास्त्रशुद्ध वाटली होती.

पहिल्या शोरूममध्ये आम्ही तिघे गडू, पाने आणि पंचा घेऊन शिरलो, तेव्हा तेथील विक्रेत्याचा साहजिकच गैरसमज झाला. आम्ही गाडी न्यायलाच आलो आहोत असे समजून त्याने हाताशी असलेली चाचणीचीच गाडी दारात आणवली, तिला झेंडूचा हार घातला आणि कर्मचाऱ्यांना टाळ्या वाजवायला उभे केले. पूजेच्या ताटात नारळ होता, लिंबे होती, पेढे होते.

"सर, नारियल कौनसे टायर के आगे फोड़ेंगे?" त्याने आदबीने विचारले.

"अजून कोणत्याच नाही. आधी पाणी सांडतं का ते बघायचंय," मी म्हणालो.

तो माझ्याकडे, मग गडूकडे पाहत राहिला. पण पेढे वाटून झाले होते. तो मुकाट्याने मागच्या आसनावर पत्नीच्या शेजारी जाऊन बसला.

ती गाडी विलक्षण मऊ होती. "मक्खन है मैडम, मक्खन," तो वाटेत दोनदा म्हणाला. बायपासच्या बाजूच्या रस्त्यावर पहिला ब्रेकर आला. गाडी अलगद वर गेली, अलगद खाली आली. मी मागे वळून समाधानाने पाहिले. तेवढ्यात ती पुन्हा वर गेली. पुन्हा खाली. त्या प्रत्येक हेलकाव्यागणिक गडूतले पाणी एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे धावत होते, आणि तिसऱ्या हेलकाव्याला त्याने काठ सोडला. पंचा, साडी आणि बेज रंगाचे आसन एका क्षणात पिवळे झाले.

"आई, तुला हळद लागली!" मुलगी आरशात पाहून म्हणाली.

"लागू दे. तुझी लागायची राहिलीय, ती बघ."

विक्रेता मात्र हसला नाही. त्याने परत येताच आसनावर साबण चोळला. साबण लावू नका, असे मी म्हणेपर्यंत डाग लालभडक झाला होता. हळदीला क्षार लागला की असेच होते. पूजेच्या ताटातले लिंबू पिळून मी तो लाल डाग पुन्हा पिवळा करून दाखवला, तेव्हा शोरूममधली सारी माणसे गोळा झाली. "भिया, सरजी तो जादूगर निकले," कोणीतरी म्हणाले. ऊन हळद खाते, गाडी दोन-चार दिवस दार उघडे ठेवून उन्हात लावा, असे सांगून आणि क्षमा मागून आम्ही निघालो. पुढच्या शोरूममध्ये साधे पाणी नेले.

मुलीला आवडलेली गाडी आम्ही मुद्दाम सर्वांत शेवटी पाहिली. ती करड्या रंगाची, जमिनीलगतची सेदान होती. पत्नीने आत बसतानाच तोंड वाकडे केले.

"केवढी खाली आहे! आणि बाकासारखी टणक. तुमच्या शाळेतून आणली का?"

मीदेखील मनातून ती नाकारूनच बसलो होतो. मुलीने गाडी काढली. ब्रेकर आला. एक स्पष्ट, आखूड धक्का बसला. गाडी खाली गेली, वर आली आणि थांबली. खरोखर थांबली, जणू तिला कोणी हाताने धरले. मी वळून पाहिले. पाने थरथरली होती. पाण्यावर एक वर्तुळ काठापर्यंत गेले, परत मध्यावर आले आणि विरून गेले. पंचा कोरडा होता.

पत्नी म्हणाली, "परत ने गं. त्याच्यावरूनच ने."

मुलीने गाडी वळवून पुन्हा त्याच ब्रेकरवरून नेली. पुन्हा तेच घडले. पाणी उसळायला निघाले आणि उसळण्याचे विसरून गेले.

झोपाळा ढकलून सोडला तर तो बराच वेळ हलत राहतो. पण तोच झोपाळा पाण्यात बुडवून ढकलला तर एकदा जाऊन येतो आणि निवतो. गाडीच्या स्प्रिंगा म्हणजे झोपाळा, आणि शॉकअप म्हणजे ते पाणी. हे हेलकाव्यांचे शमन मी आयुष्यभर दोऱ्याला दगड टांगून शिकवले होते आणि तरीही 'मऊ म्हणजे सुखाचे' हीच समजूत घेऊन शोरूमची पायरी चढलो होतो. मी हे सारे पत्नीला समजावू लागलो. तिने मध्येच हात वर केला.

"अहो, मला कळलंय. त्या मऊ गाडीत गडू सांभाळायला माझी कंबर राबत होती. इथे गाडीच राबते. मी नुसती बसलेय."

माझ्या साऱ्या विवेचनापेक्षा ते अधिक नेमके होते. हीच गाडी घ्यायची, हे तेथेच ठरले. गाडी घरी आल्यावर पत्नीने तिची ओटी भरावी तशी पूजा केली आणि पुढच्या काचेखाली एक लहानसा पितळी गणपती बसवला.

मार्गशीर्ष लागण्याच्या थोडे आधी मुलीचा रविवार आला. धार जिल्ह्याच्या त्या भागात चाचणीसाठी बांधलेल्या मोठ्या धावपट्ट्या आहेत, हे मला ऐकून ठाऊक होते. हौशी चालकांच्या एका मंडळाने त्या दिवसासाठी परवानगी काढली होती. घरच्यांनाही सोबत येता येईल, असे कळल्यावर आम्ही दोघे निघालो. बाहेर हरभऱ्याची शेते, कपाशीचे उरलेले खुंट, दूर कारखान्यांच्या चिमण्या. आणि आत शिरल्यावर एकाएकी इतका सपाट, इतका मोकळा डांबरी विस्तार, की आकाशही नेहमीपेक्षा रुंद वाटले. पत्नी नकळत पदर सावरून उभी राहिली. मोठ्या देवळाच्या पटांगणात आपण करतो तसे.

प्रथम गाडीची तपासणी झाली. टायरची हवा, ब्रेकचे पॅड, ब्रेक ऑइल, सारे पाहिले. मुलीने पॅड आणि ऑइल आधीच बदलून घेतले होते. त्यानंतर तपासनीस म्हणाला, "गाड़ी में जो भी खुला सामान है, सब बाहर."

हे फर्मान आमच्यासारख्या कुटुंबाला किती अवघड असते, ते तेथे कळले. छत्री निघाली. पाण्याची बाटली, गोधडी, कमरेची उशी, ओव्याची डबी आणि शेवेचा अर्धा पुडा निघाला. आसनाखालून माझे हरवलेले वाचनाचे भिंगही निघाले. तपासनिसाने शेवटी काचेखाली बोट केले.

"मैडम, गणपती जी भी."

"ते कुठं पळून जाताहेत?" पत्नी मराठीतच म्हणाली.

"ब्रेक लगेगा तो यही सबसे आगे भागेंगे, मैडम."

तिने गणपती पदराने पुसला, ओंजळीत घेतला आणि दिवसभर त्याला मांडीवर घेऊन छपरीत बसली. चहासुद्धा तिने एका हाताने घेतला.

मुलीच्या शेजारी शिकवायला एक वयस्क चालक बसत होते. पहिल्या काही फेऱ्यांत आमची करडी गाडी वळणाशी येऊन नाक खाली घालायची, मग झटका देऊन वर उचलायची. छपरीतूनही ते दिसत होते. पत्नी हळूच म्हणाली, "अस्सं. घाटाबिल्लोदला अशीच उडाली होती. नवी गाडीसुद्धा ही उडवणार." तिच्या आवाजात राग नव्हता, धास्ती होती. दत्तजयंती जवळ आली होती.

फेऱ्या संपवून दोघे आत आले. मुलगी घामाघूम झाली होती. शिक्षक तिला सांगत होते, "बेटा, ब्रेक लगाना सबको आता है. छोड़ना सीखो. सोते हुए बच्चे के सिर के नीचे से हाथ निकालते हो ना, वैसे छोड़ो."

"आम्हाला विचारलं असतं तर आम्हीही सांगितलं असतं," पत्नी माझ्या कानाशी म्हणाली. पण ती पुढे सरकून ऐकू लागली.

दुपारनंतर मुलीचे चालवणे बदलले. मी पाहत होतो ती तीच गाडी होती, तेच वळण होते. वेग तर आधीपेक्षा वाढलेला दिसत होता. तरीही आता गाडीचे नाक हळूहळू नमे आणि तितक्याच हळू वर येई. वळण कोठे सुरू झाले आणि कोठे संपले, ते टायरच्या आवाजावरूनच काय ते समजे. वेग आणि धसमुसळेपणा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे मी तत्त्वतः जाणत होतो. डोळ्यांनी मात्र ते प्रथमच पाहत होतो. लहानपणी हिने दुधाचा पेला कधी न सांडता टेबलापर्यंत आणलेला मला आठवत नाही.

दिवस उतरताना आयोजकांनी जाहीर केले, की लंबवर्तुळाकार मोठ्या पट्टीवर सर्व गाड्या पुढे चालून वेग ठरवणाऱ्या एका गाडीमागून शिस्तीत एक फेरी मारतील. घरच्यांनी हवे तर बसावे. मी लगेच उठलो. पत्नी बसेल असे वाटले नव्हते. तिने विचारले, "धक्के आहेत का तिथे?" मुलगी म्हणाली, "आई, खडासुद्धा नाही." मग पत्नीने अंबाड्यावर हेल्मेट चढवले, कमरेला उशी लावली आणि ओंजळीत गणपती धरून मागे बसली. तपासनिसाने पाहिले, हात जोडले आणि "कस के पकड़ना, मैडम" एवढेच म्हणाला.

सरळ पट्टी संपली आणि समोर ते वळण उभे राहिले. मी 'उभे राहिले' हा शब्द अलंकार म्हणून वापरत नाही. रस्ता बाहेरच्या अंगाला उचलला गेला होता. आतल्या कडेला सौम्य, आणि बाहेर जावे तसतसा चढता, शेवटी शेतातल्या विहिरीच्या भिंतीसारखा. वळणाचा रस्ता बाहेरून उंच का करतात, हा धडा मी दर वर्षी शिकवला. तिरकी रेघ, तिच्यावर गाडी म्हणून एक चौकोन, खाली जाणारा बाण वजनाचा. ठरावीक उतारासाठी असा एक ठरावीक वेग असतो, की ज्याला गाडी वळवावी लागत नाही. रस्ताच तिला वळवतो. मुले विचारीत, "सर, ऐसी सड़क कहाँ है?" आणि मी म्हणत असे, "किताब में है."

ती आमच्या घरापासून जेमतेम एका सकाळच्या वाटेवर होती.

गाडी त्या भिंतीवर चढली. क्षितिज तिरपे झाले. शेते माझ्या खिडकीत वर चढून आली आणि दुसऱ्या खिडकीत नुसते आकाश भरले. आपण आता कलंडणार, असे डोळे सांगत होते. पण शरीर तसे म्हणत नव्हते. कोणी खांद्यांवर दोन्ही हात ठेवून 'नीट बैस' म्हणावे, तसे मी आसनात खाली दाबला गेलो होतो. उजवीकडे नाही, डावीकडे नाही. सरळ खाली.

"बाबा, माझे हात बघा," मुलगी म्हणाली.

स्टिअरिंगवर तिची बोटे होती, पण पकड नव्हती. ती काहीही वळवत नव्हती. गाडी वळत होती.

मी जो बाण इतकी वर्षे खडूने काढला, तो या क्षणी माझ्या पाठीतून, आसनातून, टायरमधून थेट रस्त्यात रुतत होता, आणि सारे जग कललेले असताना आम्ही तिघे सरळ बसलो होतो.

"अहो," मागून पत्नीचा आवाज आला, अगदी हलका. मी होईल तेवढी मान वळवली. तिने ओंजळ उघडली होती. तळहातावर गणपती उभा होता. हाताने धरलेला नाही, नुसता ठेवलेला. तो तसूभरही कलला नव्हता.

"इथे कलश असता तरी सांडला नसता," ती म्हणाली. "हो ना?"

"नसता," मी म्हणालो. "पाण्याला कळलंसुद्धा नसतं."

वळण संपले, शेते पुन्हा आपल्या जागी आली आणि तिने मूठ मिटली.

दत्तजयंतीच्या सकाळी विहिरीवर धुके होते. पत्नीने कलश भरला, पाने ठेवली, आणि मी व मुलीने तिला दोन्ही बाजूंनी धरून मागच्या आसनावर बसवले. गणपती पुन्हा काचेखाली आला होता. इंदूरचा बायपास मागे पडला, बेटमा मागे पडले. मुलीने गाणी लावली नाहीत. मी तिच्या उजव्या पायाकडे पाहत होतो. तो ब्रेकवरून इतका सावकाश उचलला जाई, की गाडी थांबली ते क्षणभराने ध्यानात येई. घाटाबिल्लोदचा तो ब्रेकर आला. आता त्यावर पांढरे पट्टे होते. पत्नीने डोळे मिटून घेतले. एक आखूड धक्का, आणि शांतता.

"झाला?" तिने डोळे न उघडता विचारले.

"झाला, आई."

धार मागे टाकून तिरल्याच्या वाटेवरचे सारे खाचखळगे आम्ही पार केले आणि देवळापुढे गाडी उभी राहिली. पंचा कोरडा होता. आणि तेथे माझी चूक उघडी पडली.

आम्ही ब्रेकर पारखले होते, वळणे पारखली होती. पण दोन्ही हात गुंतलेले असताना, दुखऱ्या कमरेने, इतक्या खालच्या आसनावरून उठता येते का, हे मी पारखलेच नव्हते. गडू घेऊन केलेल्या प्रत्येक प्रयोगानंतर गडू आधी माझ्या हाती देऊन पत्नी उतरली होती. आता कलश कोठे टेकवायचा नव्हता, आणि थोरल्या सुनेशिवाय दुसऱ्या कोणी, घरच्या पुरुषानेही, तो धरायची रीत नव्हती. मुलीने हात पुढे केला. पण लेक ही सून नव्हे. आमचा दोघांचा आधार घेऊन पत्नीने एकदा उठण्याचा प्रयत्न केला. पाने हलली. पाणी काठाशी चमकले. ती तशीच मागे टेकली, आणि तिचा चेहरा गेल्या वर्षीसारखा झाला.

देवळाच्या पायऱ्यांवरून जाऊबाई हे पाहत होत्या. त्या भराभर खाली आल्या. नव्या साडीचा विचार न करता गाडीच्या दाराशी धुळीत बसल्या आणि त्यांनी ओंजळ पुढे केली.

"वहिनी, माझ्या हातांवर ठेवा. मी पण सूनच आहे ना या घरची? धाकटी का असेना!"

पत्नीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि कलश अलगद त्यांच्या हातांवर दिला. आम्ही दोघांनी तिला उठवून उभे केले. ती ताठ झाली, श्वास घेतला आणि वाकता येईल तेवढे वाकली. जाऊबाईंनी धुळीत बसल्या बसल्या दोन्ही हात वर उचलले आणि कलश परत तिच्या हातांत आला.

मग जाऊबाईंनी आसनावरचा पंचा उचलून दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला.

"एक थेंब नाही हो! खरंच नाही!" त्या धूळ झटकत उठल्या. "आणि मी मेलीनं पहाटे उठून इथल्या विहिरीचं घागरभर आणून ठेवलंय मागे. म्हटलं, वेळेला असावं."

"असू दे, असू दे," पत्नी पायरी चढत म्हणाली. तिची नजर कलशावरच होती. "प्रसादाची भांडी घासायला होईल."

जाऊबाई हसत तिच्या कमरेमागे हात धरून चालू लागल्या. मुलगी गाडीचे दार लावायचे विसरून तशीच उभी होती. मी चपला काढल्या आणि दोघींच्या मागून गेलो. पानांच्या फटीतून मला पाणी दिसत होते. ते काठाच्या किंचित वर होते.